तीस फेब्रुवारीची चोरी

१

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास हंबीररावांनी पुण्याच्या एका कंपनीच्या वेबसाइटवर मुद्दाम ३० फेब्रुवारी ही तारीख टाकली, आणि स्क्रीनवर उत्तर उमटलं : 'काय पावणं, ही तारीख कुठल्या गावच्या कॅलेंडरात बघितलासा?'

आता पुण्याची कंपनी असं बोलेल का? ती फार तर 'कृपया योग्य तारीख भरावी' म्हणेल, आणि तेही नाक वर करून. हे वाक्य अस्सल कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं होतं. तीन महिन्यांपूर्वी शांभवीनं ते गमतीनं आपल्या प्रोग्रॅममध्ये घातलं होतं, आणि 'हंबीर इन्फोटेक'मधल्या चार माणसांशिवाय ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"चोरलं की रं! उचलून सगळंच्या सगळं नेलं!" हंबीरराव असे ओरडले की खालच्या पिठाच्या गिरणीत केरबानं हातातलं सूप खाली ठेवलं.

चोरी काय झाली ते आधी सांगायला हवं. हंबीररावांचं पूर्वी टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. २००५ साल उजाडेपर्यंत त्यांनी वरच्या मजल्यावर तीन कॉम्प्युटर मांडले आणि दोन हुशार पोरं ठेवली : गडहिंग्लजची शांभवी आणि कसबा बावड्याचा प्रसेनजीत. दोघांनी आठ महिने घासून एक छोटी वेब सर्व्हिस बांधली. तिला कुठल्याही रूपात तारीख-वेळ पाठवा, ती हव्या त्या रूपात फिरवून परत देते. अमेरिकेची महिना आधी लिहायची रीत, आपली दिवस आधी लिहायची, जर्मनीतली वेळ, झालंच तर शके आणि तिथीसुद्धा. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण लोखंडाचे सुटे भाग ओतून परदेशी धाडणाऱ्या कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांना विचारा! तीन एप्रिलचा माल तिकडच्या कागदावर चार मार्चचा दिसतो आणि बंदरात नुसता घोळ होतो. अशा बारा फौंड्रीवाल्यांच्या संघानं सोमवारी प्रात्यक्षिक ठेवलं होतं. आणि काल संघाच्या सेक्रेटरींचा फोन आला, की पुण्याच्या एका कंपनीनं अगदी हीच वस्तू देऊ केली आहे.

ऑफिसातल्या एकाच मशीनला सीडी लिहायची सोय होती. त्या मशीननं आपल्या नोंदीत लिहून ठेवलं होतं : गुरुवार, बारा मे, पाच वाजून चार मिनिटं, एक सीडी.

"गुरुवारी हितं कोण हुतं? सांग!" हंबीररावांनी प्रसेनजीतच्या दंडाला धरून त्याला जिन्यावरून खाली गल्लीत आणलं. "ह्यो चोर हाय, बगून घ्या सगळ्यांनी! आज पाच वाजेपतोर कबूल कर, न्हायतर तुला चौकीत नेऊन बशिवतो!"

गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. प्रसेनजीत दंड सोडवून उसवलेली बाही सावरत राहिला. शांभवी मात्र अनवाणीच धावत दोन घरं सोडून आपल्या अत्तीकडं गेली.

२

शांभवीची अत्ती, म्हणजे तिच्या बापाची थोरली बहीण दानम्मा. पेठेत तिला सगळे आक्का म्हणत. अठ्ठावीस वर्षं ती स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसली होती. 'मी येळेवर आलतो, गाडीच आधी सुटली' असं सांगणारी हजारो माणसं तिनं पाहिली होती, आणि वेळेबाबत माणूस कसा खोटं बोलतो हे तिला त्याच्या नुसत्या उभं राहण्यावरून कळायचं. रिटायर झाल्यावर पेठेतली हरवलेली मंगळसूत्रं आणि पळालेल्या कोंबड्या तिच्याकडं येऊ लागल्या. गेल्या साली तालमीची चोरलेली ढाल तिनं बसल्या जागी शोधून दिली होती.

"रडू नको," ती पदर खोचत शांभवीला म्हणाली. "तुझा प्रोग्रॅम गेला ह्याचं रडतीस, का त्या पोराचं?"

"अत्ती, प्रोग्रॅम मी परत लिहीन. त्याचं नाव कसं परत लिहू?"

आक्काला हे उत्तर फार आवडलं. ती उठलीच.

ऑफिसात शिरल्यावर तिची नजर सवयीनं आधी घड्याळाकडं गेली. भिंतीवर अकरा वाजलेले. तिच्या मनगटावर दहा चाळीस.

"हंबीरराव, घड्याळ वीस मिनिटं फुडंच हाय म्हणायचं अजून?"

"हाय की. ऱ्हाणारच," हंबीरराव गुरगुरले. स्वतःच्या साखरपुड्याला ते उशिरा पोचले होते, आणि मुलीच्या मामानं सगळ्यांदेखत जे सुनावलं त्याची आठवण म्हणून गेली बावीस वर्षं त्यांच्याकडचं प्रत्येक घड्याळ वीस मिनिटं पुढं असायचं. तसं कोल्हापुरात कुणाचं नसतं? आक्काच्या स्वयंपाकघरातलंसुद्धा दहा मिनिटं पुढं होतं. फक्त हंबीररावांचा नियम कॉम्प्युटरलाही लागू होता.

"मंजे ते पाच वाजून चार..."

"तेवढं कळतंय की मला!" हंबीरराव मध्येच म्हणाले. "त्यातनं वीस वजा केली. खरी येळ चार चव्वेचाळीस. त्या वक्ताला शांभवी गडहिंग्लजला, चुलतभावाच्या लग्नाच्या सुपारीला. ती बुधवारीच गेलती. मी मैदानावर मॅच बगत हुतो. आणि कृष्णात माझ्या मांडीला मांडी लावून बसलता. त्याचा साक्षीदार मीच! मग राहिला कोण?"

कृष्णात म्हणजे गिऱ्हाइकं आणणारा माणूस. टीव्ही दुरुस्तीच्या दिवसांपासूनचा, नऊ वर्षांचा जुना. तो कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता.

"आणि ह्ये बगा." हंबीररावांनी एक लिफाफा टेबलावर आपटला. "पोराच्या ड्रॉवरमधी सापडलं. पुण्याचं मुलाखतीचं पत्र!"

आक्का वळली. प्रसेनजीत दाराशी उभा होता. शर्टाच्या बाहीची शिवण उसवली होती.

"बाळ, चार चव्वेचाळीसला हितं कोण हुतं?"

"मीच होतो आक्का," तो म्हणाला. "एकटा."

३

आक्कानं त्याला बाहेर जिन्यावर आणून बसवलं आणि स्वतः एक पायरी वर बसली.

"आता पयल्यापासनं सांग. गाडी सुटल्यापासनं फलाटाला लागंपतोर."

"गुरुवारी दहा ते एक लोडशेडिंग होतं. एकला लाईट आली, मशीन चालू केलं. ते जुनं मशीन आहे आक्का. आतला सेल मेलाय. लाईट गेली की ते दिनांक-वेळ सगळं विसरतं आणि जन्माच्या तारखेला जाऊन बसतं. मग चालू करणाऱ्यानं भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ घालायची, अशी रीत; तोवर ते पुढं सरकतच न्हाय. मी घातली. दुपारभर काम केलं. भिंतीवर पाच वाजून पाच झाले, म्हणजे खरे पावणेपाच, तेव्हा मशीन बंद केलं, किल्ली केरबांकडं दिली आणि बावड्याची बस धरली."

"मशीन बंद केल्यावर येळ विसरत न्हाय?"

"न्हाय. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू असलं की आतल्या आत घड्याळ फिरत राहतं. म्हणून तर तिथं चिठ्ठी लावलीय, बटण बंद करू नये."

"आणि ते पत्र?"

प्रसेनजीतनं हात एकमेकांत गुंफले. "जानेवारीत आलतं. वेगळीच कंपनी हाय ती. गेलो न्हाय. हे काम अर्धं टाकून जावं असं वाटंना." त्यानं जिन्याखाली गल्लीकडं पाहिलं. "आक्का, माझा बाप साखर कारखान्यात हमाली करत होता. मी कॉम्प्युटरवर बसतो म्हणून आमच्या आळीत त्याला लोक थांबवून विचारतात, पोरगं काय करतंय? आमच्यावर एकदा चोरीचं नाव आलं ना, की ते पुसायला लई वर्षं लागतात. उद्या खरा चोर सापडला तरी लोक म्हणणार, काहीतरी असणारच."

आक्काला गलबलून आलं. पण खिडकीत बसलेल्या बाईनं गलबलून चालत नाही, गाडी चुकते.

"तू खोटं बोलत न्हाईस," ती म्हणाली. "पण मग ती सीडी भुतानं लिवली काय रं?"

 आणि पदर झटकत ती जिना उतरली, कृष्णातला शोधायला.

४

कृष्णातला तिनं कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्याशी गाठलं. गोरागोमटा, तेल लावून भांग पाडलेला, खिशात मोबाईल. त्या वेळी पेठेत मोबाईल ही मिरवायची वस्तू होती.

"लई वाईट झालं आक्का," तो हळहळला. "पोरगं हुशार हुतं. पण म्हत्त्वाकांक्षा वाईट असती."

"तू गुरुवारी ऑफिसात आलतास?"

"आलतो की. मालकांना म्हायती हाय. हाफ टाइमला उठलो, छापखान्यातनं आलेली नवी व्हिजिटिंग कार्डं घ्यायची हुती. पाच वाजता पोचलो. बरोब्बर पाच." त्यानं मोबाईल थोपटला. "ह्याच्यात बगितलं. आपल्याला ते भिंतीवरचं घड्याळ जमत न्हाय. गिऱ्हाइकाला पाचचा टाइम दिला तर पाचलाच जावं लागतं."

"कितीसा येळ थांबलास?"

"धा मिंटं. लाईट नुकती आलती, पंखा लावून जरा घाम वाळवला, कार्डं घेतली, किल्ली केरबाकडं टाकली, गेलो. मशीनला हात बी लावला न्हाय. आणि हो, तवर चोरी होऊन पंधराएक मिंटं झालती की!"

सगळं कसं बैजवार. कुठं फट नाही. आक्कानं बशीतला चहा संपवला आणि त्याची कार्डं बघायला मागितली. कार्डाच्या डोक्यावर हंबीररावांचं नाव. त्याखाली शांभवी आणि प्रसेनजीत, 'निर्माते' म्हणून. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, कृष्णात.

"नऊ वर्षं हैस न्हवं हितं?"

"व्हय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरला.

आक्का गल्लीतून परत निघाली तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. ऊन नुसतं भाजत होतं. कृष्णातचं एक वाक्य तिच्या डोक्यात घोळत होतं आणि का घोळतंय तेच तिला उमजेना. गिरणीच्या दारात आल्यावर ती मधेच थबकली.

लाईट नुकती आलती, म्हणाला तो. मंजे आधी गेली हुती?

५

"केरबा! गुरुवारी सांजच्याला लाईट गेलती काय रं?"

पिठानं भुवयांपर्यंत पांढरा झालेला केरबा गिरणीच्या पट्ट्यामागून बाहेर आला. "आता ईचारतासा व्हय? तुमचंच जोंधळ्याचं दळण निम्म्यात अडकलं हुतं की! डीपीवरचा फ्यूज उडालता. लाइनमनच्या घरी मीच पळत गेलतो."

"किती वाजता?"

"त्यो पोरगा, प्रसेनजीत, किल्ली देऊन गेला आन् पाच मिंटांत गेली. आन् आली तवा माझा रेडिओ आपसूक चालू झाला, पाचच्या बातम्या लागलेल्या. मागनं लगीच कृष्णात आला किल्ली मागाय."

"दुसऱ्या कुणाला किल्ली दिलीस?"

"आईशप्पत, कुणाला न्हाय!"

आक्का गिरणीच्या ओट्यावर मटकन बसली. मग हसायला लागली. केरबाला वाटलं, हिला ऊन बाधलं.

"शांभवे! ए शांभवे! खाली ये!"

शांभवी आली. आक्कानं तिचा हात धरून शेजारी बसवलं.

"आता नीट ऐक. लाईट गेली की तुमचं मशीन येळ विसरतं. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"गुरुवारी पाचाच्या आत परत लाईट गेली. मंजे मशीन येळ विसरलं. त्या आधीच प्रसेनजीत बसमधी बसलेला. पण सीडीच्या नोंदीत तर दिवस आणि येळ झकास लिवल्यात! मग लाईट आल्यावर मशीनमधी येळ घातली कुणी?"

शांभवीचा हात तोंडाकडं गेला.

"ज्यानं घातली त्यानं सीडी लिवली," आक्का म्हणाली. "आणि त्यानं भिंतीकडं बगून घातली न्हाय. खिशातनं मोबाईल काढला आणि त्यातली घातली. मंजे पाच वाजून चार ही खरीच पाच वाजून चार! त्यातनं वीस मिंटं वजा कुणी केली? आपण! सवयच की आपल्याला. घड्याळ दिसलं की कर वजाबाकी. पयल्यांदाच त्या मशीननं खरं सांगितलं, आणि आपण त्याला खोट्यात काढलं."

"अत्ती!" शांभवीनं तिला मिठीच मारली. पण लगेच तिचा चेहरा पडला. "पण हे सिद्ध कसं करायचं? शुक्रवारी पहाटे परत लोडशेडिंग झालं, मशीन परत सगळं विसरलं. त्या संध्याकाळी त्याच्यात कुठली वेळ होती, हे आता कोण सांगणार? कृष्णात म्हणेल, केरबानं दिवस चुकवला."

हेही खरंच होतं.  आणि एकाएकी शांभवीच ताडकन उठून उभी राहिली.

"सांगणारा एकजण हाय," ती म्हणाली. "पण तो अमेरिकेत असतो."

६

त्यांची वेब सर्व्हिस राहायची अमेरिकेत, टेक्सास नावाच्या मुलखातल्या एका भाड्याच्या मशीनवर. आणि ऑफिसातलं ते सीडीचं मशीन चालू झालं की शांभवीनं चाचणीसाठी बनवलेलं एक पान आपोआप उघडायचं आणि नेटवरून तिकडं विचारायचं : माझ्या घड्याळात इतके वाजलेत, बरोबर आहे का? तिकडचं मशीन त्याच्याकडची वेळ आणि विचारणाऱ्याची वेळ शेजारी शेजारी लिहून ठेवायचं. शांभवीनं ती वही कधी उघडून पाहिली नव्हती. वीस मिनिटांचा फरक दिसणार हे सगळ्यांना माहीतच होतं, मग बघायचं कशाला?

ऑफिसच्या मशीनला हंबीरराव कुणाला हात लावू देईनात. तेव्हा दोघी तालमीपलीकडच्या नेट कॅफेत गेल्या. दारातच पाटी : 'लाईट १ ते ४ नाही.' हंबीररावांची मुदत पाचची. तीन तास दोघी कॅफेच्या पायरीवर वारा घेत बसल्या. शांभवी दर पाच मिनिटांनी किती वाजले म्हणून विचारायची, आणि आक्का दर वेळी तिला घड्याळ दाखवायची. स्टँडवर इतकी वर्षं काढली, पण एवढी लेट गाडी तिनं पाहिली नव्हती.

चारला पंखे गरगरले. नेट लागायला आणखी दहा मिनिटं. शांभवीनं बोटं मोडली, पासवर्ड टाकला आणि वही उघडली.

"गुरुवार. दोनच ओळी आहेत," ती म्हणाली. "पहिली : तिकडचे पहाटेचे दोन सदतीस. ऑफिसच्या मशीननं सांगितलेली वेळ, दुपारचे एक सत्तावीस."

"तिकडची येळ मला काय कळतीय? आपली करून सांग."

शांभवी हसली. गेल्या दोन दिवसांतलं ते तिचं पहिलं हसू. दुसऱ्या खिडकीत तिनं आपलीच सर्व्हिस उघडली आणि टेक्सासचे दोन सदतीस टाकले. उत्तर आलं : भारतात तेरा वाजून सात मिनिटं.

"एक सात खरी, एक सत्तावीस मशीनची. वीसचा फरक," आक्का म्हणाली. "हे प्रसेनजीतनं भिंतीवरचं बगून घातलेलं. बरोबर. फुडं?"

"दुसरी ओळ. तिकडचे सकाळचे सहा एकतीस. ऑफिसच्या मशीननं सांगितलेली वेळ, संध्याकाळचे पाच वाजून एक."

तिनं सहा एकतीस टाकले. तिचं बोट बटणावर क्षणभर अडखळलं. मग दाबलं.

उत्तर आलं : भारतात सतरा वाजून एक मिनिट.

एका मिनिटाचाही फरक नव्हता. शांभवीनं टेबलावर असा हात मारला की कॅफेवाला उठून उभा राहिला. तिच्या हातची सर्व्हिस साक्षीला उभी राहिली होती, आणि साक्ष चोख होती.

"कागदावर काढ," आक्का म्हणाली. "दोन प्रती. आणि चल पळ!"

७

पाचला दहा कमी असताना दोघी जिना चढल्या. हंबीरराव कडक शर्ट घालून चौकीत जायच्या तयारीत उभे होते. प्रसेनजीत बाकावर बसला होता. कृष्णात मोबाईलवर काहीतरी बघत होता.

आक्कानं धापा टाकतच कागद टेबलावर ठेवला आणि एक एक पायरी उतरावी तसं सगळं सांगितलं. फ्यूज, दळण, रेडिओवरच्या बातम्या, विसरलेलं मशीन, आणि सातासमुद्रापलीकडची दोन ओळींची वही. हंबीररावांचे ओठ हलत होते. ते सवयीनं वजाबाकी करत होते, आणि दर वेळी अडकत होते.

"वजा करू नका!" आक्का त्यांच्यावर खेकसली. "तितंच तर सगळं फसलंय! मशीन चालू झालं ते खरं पाच वाजून एकला. सीडी लिवली खरी पाच वाजून चारला. तवा प्रसेनजीत बावड्याच्या बसमधी. तुमी मैदानावर. किल्ली कुणाकडं हुती ते केरबा सांगतोय, आणि पाचला हितं कोण आलं ते आलेल्यानंच मला चहा पिता पिता सांगितलंय."

सगळ्यांनी कृष्णातकडं पाहिलं. तो आधी हसला. मग त्यानं कागद उचलला, वाचला, आणि जवळच्या खुर्चीत बसला.

"वजाबाकी हुणार हे मला कुटं म्हायती हुतं," तो हळूच म्हणाला. "मोबाईल हातात हुता, त्यातली येळ घातली. आज सकाळी मालकांनीच हिशोब मांडला आणि म्हणाले, कृष्णात माझ्यापाशी हुता. मी गप ऱ्हायलो. नऊ वर्षं टीव्ही डोक्यावर घेऊन घरोघर हिंडलोय मालक. आणि कार्डावर हे दोघं वर, मी तळाला. पुण्यातला जुना वळखीचा म्हणाला, तितलं मॅनेजर करतो तुला."

"आरं, मला सांगायचं हुतंस!" हंबीररावांचा आवाज फाटला. त्यांना रागाहून दुःखच जास्त झालं होतं, आणि ते त्यांना लपवता येईना. "दुसरी कार्डं छापली असती की! आणि ह्या पोराला चौकीत जाताना बगत बसला असतास तू?"

 कृष्णातनं तिथंच बसून सगळं कागदावर लिहून दिलं, खाली सही केली आणि पुण्याला फोन लावून सांगितलं, की माल चोरीचा आहे. मग तो जिना उतरून गेला. त्याला कुणी अडवलं नाही.

हंबीररावांनी घसा साफ केला. "प्रसेनजीत, झालं गेलं विसर. उद्यापासनं..."

"असं न्हाय चालायचं," आक्का म्हणाली. "चोर म्हणताना गल्लीत उभं ऱ्हाऊन वरडलासा. आता खोलीत बसून कुजबुजतासा व्हय? चला खाली. तेवढ्याच आवाजात."

दुसरा कुणी असता तर भडकला असता. पण हंबीरराव दिलदार माणूस. ते गल्लीच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी छाती भरून घेतली.

"ऐका रं सगळ्यांनी! सकाळी ह्या पोराला मी चोर म्हणालो! माझी चूक झाली! ह्यो चोर न्हाय! चुकलो मी, हंबीरराव चुकला! कुणी ह्याच्याविषयी वाकडा शब्द काढला तर गाठ माझ्याशी हाय!"

सकाळच्याच खिडक्या पुन्हा उघडल्या. कुणीतरी टाळी वाजवली, मग अख्खी गल्ली वाजवू लागली. केरबा सूप बडवत होता. दिवसभर डोळ्यांतून टिपूस न काढलेला प्रसेनजीत आता भर रस्त्यात रडत होता, आणि शांभवी त्याच्या शेजारी रडत रडत हसत होती. आक्कानंही डोळे पुसले. पीठ गेलं डोळ्यात, असं ती म्हणाली.

सोमवारी फौंड्रीवाल्यांच्या हॉलमध्ये शांभवीनं आक्कालाही ओढून नेलं आणि मागच्या खुर्चीत बसवलं. बारा मालक समोर. प्रात्यक्षिक सुरू होणार, इतक्यात संघाचे सेक्रेटरी जोतीराम चष्मा पुसत म्हणाले, "एक विचारू काय, हंबीरराव? राग मानू नका. तुमच्यातल्या कुणा पोरावर चोरीचा आळ आलता म्हणं. आमची सगळी कागदपत्रं तुमच्या हातात येणार. तो पोरगा ह्या कामात नसंल तर बरं."

 आक्कानं पाहिलं, प्रसेनजीतचा हात माउसवरून खाली आला आणि तो मागं सरून उभा राहिला. बोलला होता ना तो, पुसायला वर्षं लागतात म्हणून.

हंबीरराव उठले. आठ महिन्यांचं काम, समोर बारा फौंड्र्या, आणि दाराबाहेर दुसरं गिऱ्हाईक नाही. त्यांनी खिशातून कृष्णातनं लिहून दिलेला कागद काढला आणि जोतीरामांपुढं ठेवला.

"चोरी कुणी केली ते ह्यात हाय, वाचा. आळ आला तो ह्यो पोरगा," ते म्हणाले, आणि त्यांनी प्रसेनजीतच्या खांद्यावर हात ठेवला. "आळ घेणारा गाढव मी. तुमचं काम ह्योच बगणार. तो नको असंल तर मी नको. चहाबद्दल आभार, आमी निघतो."

जोतीरामांनी चष्मा चढवला आणि कागद शेवटपर्यंत वाचला. घडी घालून परत दिला. मग स्वतः उठून समोरची मधली खुर्ची पुढं ओढली.

"बसा प्रसेनजीत," ते म्हणाले. "मागं कशाला उभं ऱ्हायलासा? हितं मधी बसा, आणि दाखवा आमास्नी."